एमएसची शंका येतेय? न्यूरोकडे जायच्या आधी काय करायचं, आणि कोणत्या क्रमाने

एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. लोकांना लक्षणं कळत नाहीत म्हणून उशीर होतो असं म्हणतात, पण माझ्या बघण्यात चूक वेगळीच होते. लक्षण कळलेलं असतं, डॉक्टरही गाठलेला असतो, फक्त दर वेळी वेगळा. डोळा धूसर झाला की डोळ्यांचे डॉक्टर, पाय बधिर झाला की हाडांचे, लघवीचा त्रास झाला की आणखी कोणी, आणि तीन-चार आठवड्यांत आपोआप बरं वाटलं की फाइल कपाटात. माझ्या अशा तीन फाइली होत्या, तीन डॉक्टरांच्या, आणि एकाही डॉक्टरला बाकीच्या दोन माहीत नव्हत्या कारण मीच कधी सांगितलं नाही. डोळ्याचा आणि पायाचा संबंध असेल हे डोक्यातच आलं नाही.

आता मुद्द्याचं. या आजारात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसा यांच्यावरचं मायलिनचं आवरण खराब करते, वायरवरचं प्लॅस्टिक सोललं जावं तसं. निदान मुख्यतः दोन प्रश्नांवर होतं: हे कुठे-कुठे झालं, आणि कधी-कधी झालं. 'कुठे' हे एमआरआय बऱ्यापैकी सांगतो. 'कधी' मात्र बऱ्याच वेळा तुम्हालाच सांगावं लागतं, आणि नेमकं तिथेच आपल्याकडे काही नसतं, "झाले असतील दोनेक वर्षं" एवढंच. म्हणून खालचा क्रम.

१. आधी बघा: थांबायचं की पळायचं

एमएसचं लक्षण साधारण काही तासांत किंवा काही दिवसांत वाढत जातं. सकाळी दोन बोटांना मुंग्या, संध्याकाळी तळहात, परवा कोपरापर्यंत, असं. जे एका क्षणात होतं, म्हणजे चहा पिता-पिता तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, एका बाजूचा हातपाय पडला, ते पक्षाघात समजूनच चालायचं, वय २५ असलं तरी. १०८ ला फोन करा आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवा, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.

सावधान: दोन्ही पायांतली ताकद भराभर जातेय, लघवी अडलीय किंवा कळत नाहीये, बसायच्या जागेला बधिरपणा आलाय, किंवा एका डोळ्याचं दिसणं दोन-तीन दिवसांत खूप कमी झालंय, तर हा लेख नंतर वाचा. त्याच दिवशी हॉस्पिटल. ताप, मान आखडणं, गुंगी यातलं काही सोबत असेल तरीही तेच.

२. लक्षण नीट पारखा

इथे दोन टोकं दिसतात. एक, काहीच मनावर न घेणारे. दोन, रात्री मोबाइल बघून प्रत्येक मुंगीला एमएस ठरवणारे. दुसऱ्या टोकाच्या लोकांसाठी आधी एक चाळणी: लक्षण सलग २४ तासांपेक्षा जास्त टिकलं का, आणि तेव्हा ताप किंवा इन्फेक्शन नव्हतं ना? मांडी घालून बसल्यावर पायाला आलेल्या आणि दोन मिनिटांत गेलेल्या मुंग्या या चाळणीतूनच गळतात. अपवाद आहेत, करंटसारखे काही त्रास सेकंदभरच टिकतात, पण ते दिवसातून पुन्हा-पुन्हा येतात आणि असं कित्येक दिवस चालतं.

डोळा. बहुतेक वेळा एकच. धुरकट काचेतून बघितल्यासारखं दिसतं, आणि डोळा फिरवला की मागे खोल दुखतं. रंग फिके पडतात, विशेषतः लाल. चाचणी सोपी आहे, लाल झाकण किंवा कुंकवाची डबी समोर धरा, एकेक डोळा झाकून बघा, एका डोळ्याने लाल आणि दुसऱ्याने विटकरी-गुलाबी दिसलं तर लिहून ठेवा आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. फसगत होते ती इथे: नस डोळ्याच्या मागे सुजलेली असेल तर पडदा तपासल्यावर तो नॉर्मल दिसू शकतो आणि "डोळा चांगला आहे, नंबर वाढला असेल" एवढ्यावर पेशंट घरी येतो. टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर नेऊन बाहुली बघण्याची आणि रंग ओळखण्याची तपासणी झाली का, हे विचारायला लाजू नका.

दोन-दोन दिसणं. एक डोळा झाकून बघा. कुठलाही एक झाकला की दुसरी प्रतिमा जात असेल, तर दोन डोळ्यांचा ताळमेळ बिघडलाय, म्हणजे नसेचं किंवा स्नायूचं काम. एक डोळा झाकूनही दोन दिसतात तर गडबड त्या डोळ्यातच असण्याची शक्यता जास्त.

बधिरपणा. एमएसमध्ये तो बऱ्याचदा एका पावलापासून सुरू होऊन चार-सहा दिवसांत कंबरेपर्यंत किंवा छातीपर्यंत चढतो, वर जणू रेघ ओढलेली असते, रेघेच्या खाली गार पाणीसुद्धा नीट गार लागत नाही. काहींना छातीभोवती किंवा पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं होतं, आणि मग ईसीजी, अॅसिडिटीच्या गोळ्या, गॅसचं औषध अशी रांग लागते. चप्पल पायातून निसटते आणि चार पावलं पुढे गेल्यावर कळतं. हातात ताकद आहे पण ब्लाउजचा हूक लागत नाही, खिशातलं नाणं दोनचं की पाचचं ते बोटांना कळत नाही. हे तपशील "हात जड वाटतो" यापेक्षा शंभरपट उपयोगी, डॉक्टरला असंच सांगा.

आणि हे एमएससारखं नसतं: दोन्ही पायांत मोजे घातल्यासारखा, सारखाच, महिनोन्महिने हळूहळू वाढणारा बधिरपणा (शुगर आणि बी-१२ आधी बघा). रात्री झोपेतून उठवणाऱ्या अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांच्या मुंग्या, हात झटकला की बरं (मनगटात नस दबते). कूस बदलली की अर्धा मिनिट खोली गरगर फिरणं (हा बहुधा कानाचा प्रकार, एमएसची चक्कर आली तर ती दिवसच्या दिवस राहते).

मान खाली घातली की करंट. हनुवटी छातीला टेकवली की पाठीतून पायापर्यंत शॉक. हे ऐकून लगेच घाबरू नका, मानेच्या स्पॉन्डिलोसिसमध्ये आणि बी-१२ च्या कमतरतेतही हे होतं. पण मानेला पट्टा बांधून विषय संपवण्यासारखंही ते नाही.

उष्णता. कडकडीत पाण्याने आंघोळ केली, तापात पडलात किंवा भर उन्हात चाललात की जुना त्रास डोकं वर काढतो आणि अंग गार झालं की जातो. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात बिचाऱ्या पेशंटला सगळे ऊन लागलं म्हणूनच सांगतात, आणि तेही खोटं नसतं. मात्र ऊन सगळ्यांनाच लागतं, दर वेळी नेमका तोच एक डोळा किंवा तोच एक पाय बिघडत असेल तर ते वेगळं. हा नवा अटॅक (म्हणजे आजाराचा नवा झटका) नसतो, उष्णतेने जुन्या खराब झालेल्या नसेतून संदेश जायला अडतो.

चालणं. निघताना ठीक, अर्ध्या-एक किलोमीटरनंतर एक पाऊल घासायला लागतं, पाच मिनिटं बसलं की परत ठीक. सोबत असलेल्या माणसाला विचारा, बुटाचा एकाच पायाचा पुढचा भाग झिजलाय का तेही बघा.

लघवी. तरुण वयात, तपासणीत इन्फेक्शन नसताना, एकदम घाई होणं किंवा बसून राहिलं तरी सुरू न होणं. लाजेपायी हे कोणी सांगत नाही, बायकाही नाही आणि पुरुषही नाही. यादीत लिहून आणलं की तोंडाने बोलावं लागत नाही.

थकवा. हा एमएसमध्ये भयंकर असतो, पण नुसत्या थकव्यावरून एमएस ठरत नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइड, झोप, मनावरचा ताण, ही मोठी रांग आधी आहे. निदानाच्या आधीच्या चार-पाच वर्षांत अशा लोकांच्या दवाखान्याच्या फेऱ्या वाढलेल्या असतात असं कॅनडातल्या संशोधनात दिसलंय, पण ते मागे वळून बघताना दिसतं, त्यावरून पुढचं भाकीत करता येत नाही.

तपासून बघा: वय २० ते ४० च्या आसपास आहे का (बहुतेकांची सुरुवात या वयात होते, आणि बायकांमध्ये प्रमाण पुरुषांच्या दोन-तीनपट आहे)? नुकतं बाळंतपण झालंय का? बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत अटॅकची शक्यता वाढते, आणि नेमकं तेव्हाच सगळं "ओली बाळंतीण आहे, अशक्तपणा असणारच" यात बुडून जातं.

३. जुन्या तारखा उकरून काढा

या टप्प्याला एक अख्खी संध्याकाळ द्या, घरच्यांना घेऊन बसा. वहीचं एक पान, आडवं. डावीकडे काळ, मग काय झालं, शरीराच्या कुठल्या बाजूला, किती दिवसांत वाढलं, एकूण किती दिवस राहिलं, पूर्ण बरं झालं की थोडं उरलं, कोणाला दाखवलं, काय औषध घेतलं. एवढंच.

तारीख आठवत नाही म्हणून सोडून देऊ नका. आपण सणांवरून आठवतो, तसंच आठवा: डोळा धूसर झाला तेव्हा गौरी बसल्या होत्या का, पाय बधिर झाला तो दहावीच्या परीक्षेच्या वेळी की लग्नसराईत. जुनी कालनिर्णय टाकली नसतील तर काढा, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी "आईचा डोळा" असं कुणीतरी लिहिलेलं असतं. मेडिकलची बिलं, गुगल पेवरचं क्लिनिकचं पेमेंट, बहिणीला व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं "आज पण हात तसाच आहे", ऑफिसच्या सिक लीव्ह. माझी एक तारीख फोटोमुळे सापडली, वास्तुशांतीच्या फोटोत मी एक डोळा मिचकावून उभी होते आणि सगळ्यांनी त्यावर चेष्टा केली होती.

दोन घटनांमध्ये किती अंतर आहे ते बघा. पहिल्याची सुरुवात आणि दुसऱ्याची सुरुवात यात ३० दिवसांपेक्षा जास्त असेल तरच डॉक्टर त्या सहसा वेगळ्या धरतात. बुधवारी हात आणि रविवारी पाय हा बहुधा एकच अटॅक, त्याचे दोन करू नका.

सावधान: पान भरायच्या नादात सगळं कोंबू नका. २०१९ ची पाठदुखी, कॉलेजातली डोकेदुखी, पित्त, हे वेगळ्या कागदावर. १४ नोंदींत खऱ्या ३ हरवतात.

४. डॉक्टरकडे जायच्या आधी हे करू नका

याच्यामुळे सर्वात जास्त घोळ होतो, म्हणून वेगळा टप्पा.

मेडिकलमधून किंवा कोणी सांगितलं म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊ नका. स्टेरॉइडने सूज दबते, एमआरआयवरची ताजी खूण पुसट होते, रक्तातल्या काही तपासण्या चुकू शकतात, आणि डोळ्याच्या नसेच्या सुजेत नेहमीच्या डोसमध्ये नुसत्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्या दिल्या तर त्रास पुन्हा होण्याचं प्रमाण उलट वाढलेलं अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत दिसलंय. स्टेरॉइड लागेल तेव्हा डॉक्टर देतील, बहुतेक शिरेतून.

बी-१२ चं इंजेक्शन तपासणीच्या आधी टोचून घेऊ नका. आपल्याकडे मुंग्या म्हटलं की पहिल्याच दिवशी लाल इंजेक्शन. पुढच्या आठवड्यात रक्तात बी-१२ भरपूर दिसतं आणि कमतरता होती की नव्हती ते कोणालाच कळत नाही. आधी रक्त द्या, मग खुशाल घ्या. घेऊन झालं असेल तर तारीख सांगा, होमोसिस्टीनसारख्या तपासणीतून थोडा अंदाज येतो, पण घेतल्याला फार दिवस झाले असतील तर तीही नॉर्मल येऊ शकते.

मालिश करणाऱ्याकडून मान कटकन मोडून घेऊ नका. मुद्दा आला म्हणून सांगितलं.

५. कोणाकडे जायचं, रक्त कशाचं द्यायचं

फॅमिली डॉक्टरला ते पान दाखवा आणि न्यूरोलॉजिस्टसाठी चिठ्ठी मागा. न्यूरोसर्जन नाही, न्यूरोलॉजिस्ट, पाटीवर 'न्यूरो' वाचून लोक कुठेही शिरतात. खर्चाचा प्रश्न असेल तर सरकारी मेडिकल कॉलेजची ओपीडी, पण न्यूरोलॉजीची ओपीडी ठरावीक वारीच असू शकते, आधी विचारून जा.

आत गेल्यावर पहिल्या दोन मिनिटांत पान पुढे करा. "सगळं अंग दुखतं, झोप नाही, भूक नाही" इथून सुरुवात केलीत की गाडी तिकडेच जाते. सोबत एकच माणूस न्या, आणि तो तुमच्याऐवजी बोलणारा नको.

रक्ताच्या तपासण्या एमएस सिद्ध करण्यासाठी नसतात, तशी रक्ताची तपासणी नाहीच. त्या बाकीच्यांना बाजूला काढण्यासाठी असतात: हिमोग्राम, बी-१२, थायरॉइड, शुगर, ईएसआर, एचआयव्ही, व्हीडीआरएल (सिफिलिससाठी), लक्षणांनुसार एएनए (ल्युपससारख्या आजारांसाठी). काही जणांना अॅक्वापोरिन-४ आणि मॉग या अँटिबॉडी बघतात. डोळा आणि मज्जारज्जू दोन्ही जोरात धरले, किंवा कारण नसताना दिवसच्या दिवस उचकी आणि उलट्या झाल्या, तर एनएमओ नावाच्या आजाराची शंका येते. हा एमएसचा चुलतभाऊ वाटतो पण उपचार वेगळे, एमएसची काही औषधं यात उलट नुकसान करतात. त्यामुळे उचकी हा विनोदी विषय समजून यादीतून गाळू नका.

व्हिटॅमिन डी कमी आलं म्हणून एमएस आहे असं ठरत नाही, आपल्याकडे ते कितीतरी जणांचं कमी येतं. आणि ६०,००० युनिटचे सॅशे आठवड्याला एक असे वर्षानुवर्षं आपल्या मनाने घेत राहू नका, रक्तातलं कॅल्शियम वाढून किडनीला त्रास होतो.

६. एमआरआय: योग्य जागेचा, योग्य पद्धतीने

सगळ्यात महागडी चूक इथे होते. पाय बधिर, म्हणून कमरेचा एमआरआय. कमरेच्या एमआरआयमध्ये काही ना काही सापडतंच, कुठेतरी गादी थोडी सरकलेली असते, आणि सगळं खापर तिच्यावर. पण मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, खाली फक्त नसांचा झुपका. एमएसच्या खुणा शोधायच्या त्या मेंदूत, मानेत आणि पाठीच्या वरच्या भागात. सीटी स्कॅनमध्ये तर त्या बहुतेक दिसतच नाहीत.

चिठ्ठीवर हे आहे का बघा: मेंदू, मानेचा मणका (गरजेप्रमाणे पाठीचाही), कॉन्ट्रास्टसह, आणि शंका म्हणून 'डिमायलिनेशन' (मायलिन खराब होणं) लिहिलेलं. शंका लिहिली नसेल तर सेंटरवाले साधा प्रोटोकॉल लावू शकतात. कॉन्ट्रास्टचं कारण असं की ताजी सूज असलेली खूण काही आठवडे त्या औषधाने चमकते, जुनी चमकत नाही. एकाच फिल्ममध्ये दोन्ही दिसल्या की 'कधी-कधी'चं उत्तर एका दिवसात मिळतं.

तपासून बघा: क्रिएटिनिनचा (किडनीच्या तपासणीचा) रिपोर्ट सोबत आहे? प्रेग्नन्सीची शक्यता सांगितली? शरीरात पेसमेकर, क्लिप, रॉड? मंगळसूत्र, बांगड्या, केसातल्या पिना घरीच काढल्या? बंद जागेची भीती असेल तर आधी सांगितलं? मशीनमध्ये पाऊण-एक तास जातो.

रिपोर्ट हातात आला की गाडीतच बसून वाचतात सगळे, मीही वाचला. "पांढरे ठिपके" हा शब्द दिसला की जीव जातो. पण मायग्रेन, ब्लड प्रेशर, सिगारेट, वय, यानेही ठिपके येतात. डॉक्टर ठिपक्यांची जागा आणि आकार बघतात: मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीला टेकून, वरच्या सालीलगत, मागे खाली छोट्या मेंदूत-ब्रेनस्टेममध्ये, आणि मज्जारज्जूत. एमएस ठरवायला डॉक्टर वापरतात त्या मॅकडोनाल्ड निकषांत २०२४ च्या सुधारणेनंतर डोळ्याची नस ही पाचवी जागा धरलीय. त्यामुळे रिपोर्टचा कागद पुरत नाही, न्यूरोलॉजिस्टने फिल्म स्वतः बघितली पाहिजे.

७. पाठीतलं पाणी आणि डोळ्याची व्हीईपी

या दोन तपासण्या प्रत्येकाला लागत नाहीत. "पाणी काढलं की माणूस अधू होतो" हे घरातल्या मोठ्यांना एकदा समजावून टाका, सुई कंबरेत खाली घालतात, तिथे मज्जारज्जू नसतोच, वर सांगितलंच. त्या पाण्यात ऑलिगोक्लोनल बँड्स (प्रतिकारशक्तीच्या प्रथिनांच्या रेघा) बघतात, त्याच दिवशी रक्तही द्यावं लागतं कारण दोन्हींची तुलना होते. रक्त घेतलं नाही तर विचारा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. नंतर काही जणांचं डोकं दुखतं, बसलं की जास्त, पडलं की कमी, हे बहुतेक काही दिवसांत जातं, न गेल्यास फोन करा. व्हीईपी म्हणजे डोळ्याच्या नसेतून मेंदूपर्यंत संदेश किती वेगाने जातो त्याची तपासणी: टीव्हीवरच्या बुद्धिबळाच्या चौकटीकडे बघत बसायचं, डोक्याला वायरी, दुखत काही नाही. चष्मा लावूनच बसा, मी विसरले होते आणि पुन्हा जावं लागलं.

८. "अजून सांगता येत नाही" असं उत्तर आलं तर

हे उत्तर खूप जणांना मिळतं आणि लोक चिडून दुसऱ्या डॉक्टरकडे जातात, मग तिसऱ्या. पहिलाच अटॅक असेल आणि निकष पुरे होत नसतील तर डॉक्टर थांबतात, ते बरोबर असतं. स्टेरॉइडच्या मुद्द्यात सांगितलेल्या अमेरिकन चाचणीतच डोळ्याची नस सुजलेल्यांचा १५ वर्षं पाठपुरावा झाला: सुरुवातीला मेंदूत एकही खूण नव्हती त्यांच्यापैकी २५ टक्क्यांना एमएस झाला, एक किंवा जास्त खुणा होत्या त्यांच्यात ७२ टक्क्यांना. म्हणजे साफ एमआरआय ही चांगली बातमी, पण फाइल फेकायची परवानगी नाही.

मग करायचं काय: पुढचा एमआरआय कधी ते तारखेसकट लिहून घ्या, आणि शक्यतो त्याच सेंटरवर करा, म्हणजे तुलना सोपी जाते. सिगारेट सोडा, हे खरंच एमएसशी जोडलेलं आहे. नवं लक्षण २४ तासांच्या वर टिकलं तर आधी ताप आणि लघवीचं इन्फेक्शन बघून घ्या, ते नसेल तर त्याच आठवड्यात फोन, "बघू अजून महिनाभर" नाही. अटॅक ताजा असतानाची तपासणी आणि नंतरची आठवण यात फार फरक पडतो.

निदान पक्कं झालंच तर उपचार लवकर सुरू करण्याविषयी त्याच भेटीत विचारा. अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये एमएसचं नाव आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाची कामं मुंबई-पुण्यात चालतात, पण ते सगळं नंतर.

आणि एमआरआयची सीडी घेताय तर ती तिथेच काउंटरवर उघडते का बघून घ्या, घरी आल्याबरोबर पेनड्राइव्हवर कॉपी करा. माझी पहिली सीडी दोन वर्षांनी उघडलीच नाही, सेंटरवरचा जुना डेटाही गेला होता, आणि तुलना करायला डॉक्टरांच्या हातात फक्त वाळलेली फिल्म.